परक्याच्या उसावर नजर

नामदेवतात्यांचं रान घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. दुष्काळ पडल्यापासून ते तिकडे फिरकलेले नाहीत. मात्र कोल्हापूरकडच्या कुणा परक्याच्या उसाची त्यांना खडान्‌खडा माहिती. कोणता तुकडा उभा आहे, कोणता तुटला, सगळं. तेही इथं, माझ्या शेजारच्या ओट्यावर बसून.

हे वेड लावलं आमच्या गावच्या विकास सोसायटीनं. तालुक्याहून एक कृषी सहायक बाई आल्या आणि सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांनी उपग्रहाचे फोटो मोबाइलवर फुकट कसे बघायचे ते शिकवलं. उभं पीक हिरवं दिसतं, मोकळं रान तपकिरी. आम्ही आपापलं शिवार बघितलं. सगळं तपकिरी. लोक मोबाइल खिशात घालून चहाला गेले. तात्या मात्र बाईंना विचारत बसले, लांबचंही दिसतं का म्हणून.

तात्या एसटीतले निवृत्त कंडक्टर. नोकरी सुटली, भाषा सुटली नाही. फोटोत ढग आडवा आला की बोट नाचवून म्हणणार, "चला, पुढं सरका, मधी गर्दी करू नका." उपग्रह काही दिवसांनी फिरून त्याच जागेवर येतो, तर त्याला ते 'आपली गाडी' म्हणतात. इतका वेळेवर येणारा डायव्हर आपल्याला अख्ख्या नोकरीत भेटला नाही, हे त्यांनी मला कितीदा ऐकवलंय.

एकानं हरवलेली शेळी शोधून मागितली, तर तात्यांनी त्याला ओट्यावरून उठवलं. "एका ठिपक्यात तुजं अख्खं घर बसतंय. शेळी काय, माणूस बी दिसत न्हाई." या बाबतीत ते फार कडक. नसलेलं दिसतं म्हणणारा माणूस त्यांच्या लेखी विनातिकीट प्रवासी.

तात्या उसाच्या धंद्यात पडणार, अशी गावात बोलवा होती. मला वाटे, बायको गेली, एकुलती एक लेक सुमन सासरी, वेळ तरी कसा जायचा एकट्या माणसाचा?

मग एका सकाळी ते उतरलेल्या चेहऱ्यानं माझ्या दारात आले. एक तुकडा अर्धा तुटला होता आणि तिथंच थांबला होता. गाडी दोनदा येऊन गेली तरी तसाच. मी म्हटलं, कारखाना बंद पडला असेल.

"आजूबाजूचं समदं तुटलंय की. ह्योच का म्हून ऱ्हायला?"

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जावयाची विहीर यंदा आटली आणि तो सुमनला घेऊन पहिल्यांदाच ऊसतोडीला गेला. तात्या म्हणाले होते, माझ्याकडं येऊन राहा, मला तरी दुसरं कोण आहे? जावयानं ऐकलं नाही. तात्या असे रागावले की निरोप द्यायलाही गेले नाहीत. तेव्हापासून फोनसुद्धा नाही. पण टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, कुठं पडल्यात ते त्यांनी मुकादमाच्या भावाकडून गुपचूप काढून घेतलं होतं, आणि लेकीचा कोयता कुठवर आला हे आभाळातून बघत बसले होते.

आता मात्र राग गुंडाळून ते पहाटेपासून फोन लावत होते. लेक-जावई दोघांचेही बंद.

शेवटी थेट कोल्हापूरकडंच निघायचं ठरवून आम्ही मांजरसुंब्याच्या फाट्यावर आलो, आधी सोलापूरकडं जाणारी गाडी पकडायला. ढाब्यावर तात्यांनी चहाला हात लावला नाही. येणाऱ्या गाड्यांच्या पाट्या तेवढ्या सवयीनं वाचत होते. तेवढ्यात फोन वाजला. सुमन होती.

त्या उसाला मालकानं पाणी सोडलं होतं. ट्रॅक्टर रुतायला लागला, म्हणून मुकादमानं टोळी ओढ्यापलीकडं हलवली. तिथं लाइट नाही, मग फोन कुठून चार्ज करणार? आत्ताही ती ट्रॅक्टरवाल्याच्या फोनवरून बोलत होती. ती धडधाकट, जावईही धडधाकट. तात्यांनी आधी तिला भरपूर झापलं, मग उपरण्यानं डोळे पुसले. तोवर त्यांचं बोट लागून स्पीकर सुरू झाला होता.

"पर तुमाला कसं कळलं, आमी तिथनं गेलतो ते?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सगळं सांगून टाकलं. पलीकडं कोयते चालू होते, त्या आवाजातच सुमननं विचारलं,

"तात्या, मी दिसते का वो त्यात?"

"दिसतीस की," तात्या म्हणाले. "डोक्याला टावेल बांध आदी. लई ऊन हाय तितं."