फळ्यावरची शिल्लक जागा

उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये, असं पूर्वी म्हणत. तो काळच वेगळा होता; तेव्हा ऑइलपेंट एवढा सहज मिळत नसे. आता विकासाचं शास्त्र बरंच पुढे गेलं आहे आणि जे दान चार लोकांना वाचता येत नाही ते पोचतच नाही, हे त्यात सिद्ध झालेलं आहे.

हसनाबादपासून सात किलोमीटर आत माळखेडी नावाचं गाव आहे. या शास्त्रात या गावाने जी मजल मारली, ती बघायला लांबून माणसं येतात आणि आल्यावर बसतात. बसायची सोय उत्तम आहे. लोकसंख्या तेराशे चाळीस आणि सिमेंटची बाकडी दोनशे बारा. एका बाकड्यावर तिघं धरली (सडपातळ असतील तर चौघं), तर जवळजवळ अर्धं गाव एकाच वेळी कुणाच्या ना कुणाच्या स्वर्गवासी आईवडिलांना पाठ टेकून बसू शकतं. याखेरीज झाडांभोवतीच्या लोखंडी जाळ्या तीनशे (झाडं चार), प्रवासी निवारे दोन (एसटी येत नाही), शिवणयंत्रं सोळा आणि शाळेत पंखे चौदा. पंख्यांच्या तिन्ही पात्यांवर दात्याचं नाव असल्यामुळे ते बंदच ठेवतात. फिरले की वाचता येत नाहीत.

ही सगळी नावं एकाच हातची. गयासोद्दीन पेंटर चाळीस वर्षं अक्षरं काढतो. फ्लेक्स आला तेव्हा तालुक्यातल्या बाकीच्या पेंटरांनी ब्रश ठेवून कुणी रिक्षा घेतली, कुणी पानटपरी टाकली. गयासोद्दीन तगला, कारण फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत फाटतो आणि दात्याला तर अमर व्हायचं असतं. त्याचं ‘कै.’ मधलं टिंब असं गोल येई की जिवंत माणसालासुद्धा एकदा ते आपल्या नावाआधी असावं असं वाटे. घर त्यावर चालत होतं, आणि गावाचा विकास होतो आहे याचं गयासोद्दीनला मनापासून समाधान होतं. ज्याच्या डब्यातला रंग संपतो, त्याला विकास दिसतोच.

पण गेल्या वर्षी त्याची नात रुखसार सातवी पास झाली, आणि गावची शाळा सातवीपर्यंतच होती. पोरगी हुशार. आजोबाने बाकड्यावर दिवंगताची जन्म-मृत्यूची सालं काढली की ही उभ्या उभ्या वय सांगायची. तिच्या बापाचं, कलीमचं म्हणणं साधं होतं. तो जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात पाळीवर जाई. हसनाबादच्या शाळेत सात किलोमीटर सोडायला-आणायला त्याला सवड नव्हती, आणि पोरीने एकटीने तेवढं चालावं हे त्याला मान्य नव्हतं. गावात आठवी असेल तर शिकेल, नसेल तर सोळा यंत्रं आहेतच. अशा पोरी गावात अकरा होत्या. त्यांतल्या सात कडूबा, कल्याण वगैरे नावांच्या बापांच्या, चार मोमिनांच्या. निरुपाय मात्र सगळ्यांचा सारखा होता.

चौकशी केल्यावर वरून कळलं की आठवीच्या वर्गाला परवानगी मिळेल, शिक्षक मिळणार नाही. मानधनावर गावाने नेमावा. शिक्षक शोधायची गरज नव्हती. शीतल नावाची डी.एड. झालेली सून गावातच कापूस वेचत होती. प्रश्न फक्त मानधनाचा होता, आणि असे प्रश्न सोडवण्यासाठीच गावात ‘माळखेडी सर्वांगीण परिवर्तन व साधनसामग्री संकलन समिती’ होती. तिचे चिटणीस कारभारीअण्णा एकतीस वर्षं सरकारी दप्तरात कारकून होते आणि निवृत्तीनंतरही कुणी घरी पाणी मागितलं तर कशासाठी, असं विचारत.

अण्णांनी साधनसामग्रीचे तीन प्रकार पाडले होते. एक, जिच्यावर नाव लिहिता येतं (बाकडं, कमान, स्मशानातलं शेड). दोन, जिच्यावर नाव लिहिता येतं पण दिसत नाही (जमिनीखालची पाइपलाइन, म्हणून ती गावात नाही). तीन, जिच्यावर नाव लिहिताच येत नाही. शिक्षक या तिसऱ्या वर्गात मोडतो. तो चालता-फिरता असतो, त्याचं उद्‌घाटन एकदाच होतं, आणि पावसाळ्यानंतर त्याला पुन्हा रंग देता येत नाही. या प्रकाराला आजवर कुणी दाता मिळाल्याची नोंद नाही, असं अण्णांनी सभेत वाचून दाखवलं.

तरी समितीने प्रयत्न केले. जिनिंगवाले सोमेश्वरशेठ जूनचं मानधन द्यायला तयार झाले. मॅडमच्या साडीच्या काठावर वडलांचं नाव विणून घ्यावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. शीतल सभेला हजर होती. ती शांतपणे म्हणाली, “माझ्या नावाच्या मागं नवऱ्याचं नाव हाये, त्याच्या मागं सासरचं आडनाव. आता तिसऱ्या बाप्याला जागा न्हाई.”

आठवी बुडाली असं दिसत होतं, आणि तेव्हा मागच्या बाकड्यावरून गयासोद्दीन उठला. चाळीस वर्षांत तो सभेत कधी बोलला नव्हता. सभा संपल्यावर त्याचं काम सुरू होई. पण त्याच्या डोळ्यांपुढे शिवणयंत्रावर वाकलेली रुखसार होती. तो म्हणाला, “मॅडमवर न्हाई येत तर नका लिहू. फळा हाये ना. पोरी दिवसभर तिकडंच बघतेत.”

टाळ्या पडल्या. तिसऱ्या प्रकारची साधनसामग्री पहिल्या प्रकारात बसवणारा हा तोडगा आसपासच्या चार जिल्ह्यांत पहिलाच असावा (अण्णांच्या मते पाच). गयासोद्दीनचा हिशेब चोख होता. जून ते एप्रिल अकरा महिने, अकरा दाते, प्रत्येकाची एक ओळ, बोटभर उंचीची. फळा चार फूट उंच. अकरा बोटं दानाला, बाकी सगळा शिक्षणाला.

जूनमध्ये वर्ग सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात सोमेश्वरशेठ येऊन फळ्यासमोर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा पडला. “पेंटर, सरकीच्या पोत्यावर बी याच्यापेक्षा मोठं नाव टाकून राह्यलो आम्ही,” ते म्हणाले. आठवी तर चालायला हवी होती. गयासोद्दीनने बोटभर ओळ खरवडून आठ बोटांच्या दोन ओळी काढल्या. वरती वडील, खाली शेठ. मग समतेच्या तत्त्वानुसार जुलैवाल्यालाही आठ बोटं आली. ऑगस्टवाल्याचे वडील हयात होते, त्यांनी आजोबा टाकले.

शिक्षणाची प्रगती मात्र थांबली नाही, हे आवर्जून सांगितलं पाहिजे. जूनमध्ये शीतल फळ्यावर आख्खा भारत काढायची. गणपतीत महाराष्ट्र मावेना म्हणून कोकण सोडून दिलं. दिवाळीनंतर फक्त जालना जिल्हा उरला, आणि डिसेंबरात त्यातलाही परतूर तालुका रामराव सावकारांच्या मातोश्रींखाली गेला. लांबलचक गणिताच्या सगळ्या पायऱ्या लिहायला जागा नसल्याने पोरी मधल्या पायऱ्या डोक्यात करायला शिकल्या. समितीच्या अहवालात ही बाब ‘मुलींच्या बौद्धिक क्षमतेत लक्षणीय वाढ’ या सदरात दाखवली आहे, आणि ती खरीही आहे.

दुसरा फळा का घेतला नाही, असं कुणी विचारील. घेतला. मागणी केल्यापासून आठवड्यात जालन्याहून आला, कारण फळा पहिल्या प्रकारात मोडतो. तो येतानाच पूर्ण भरलेला होता. दात्याच्या घराण्यात दिवंगत बरेच होते. वर्गाच्या भिंतींवर सुविचार आहेत आणि प्रत्येक सुविचाराखाली तो ज्यांच्या सौजन्याने सुचला त्यांचं नाव. फरशीबद्दल बोलायलाच नको.

गयासोद्दीन आता अक्षर बारीक करायला लागला. पोट आवळलेला ‘म’, कानामात्रा चिकटलेल्या. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी त्याने असे दडपून बसवले की आयुष्यात त्याने इतकं वाईट काम केलं नव्हतं. सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर रामराव सावकार खिशातून टेप काढून वर्गात गेले आणि आपल्या मातोश्री सोमेश्वरशेठच्या वडलांपेक्षा तीन बोटं लहान आहेत असं त्यांनी सर्वांसमक्ष सिद्ध केलं. मातोश्री पुन्हा लिहाव्या लागल्या. त्याखाली, उजव्या अंगाला, ही साधनसामग्री जमवण्यासाठी ज्यांनी अहोरात्र कष्ट घेतले त्या समितीच्या पदाधिकाऱ्यांची नावं आली. ती अण्णांनी स्वतः सुचवली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी गयासोद्दीन त्या महिन्याचं नाव टाकायला शाळेत गेला. उरलेल्या पट्ट्यात शनिवारचं गणित तसंच होतं, खडूने दाटीवाटीने लिहिलेलं. त्याने फडकं ओलं केलं. मागून रुखसार वही घेऊन धावत आली.

“दादा, वो मत पोंछो,” ती म्हणाली. “मेरा अभी पूरा नहीं हुआ.”

तो थांबला. ती फळ्याजवळ उभी राहून एकेक ओळ उतरवत गेली, मध्येच अडली, दोन आकडे खोडले, पुन्हा सुरू झाली. वीसेक मिनिटं गेली. ब्रश वाळला. वही मिटून ती बाजूला सरकली, “अब पोंछो” म्हणाली आणि त्याच्याकडे न बघता निघून गेली. गयासोद्दीनने फळा पुसला, ब्रश रॉकेलमध्ये धुतला आणि नाव काढलं. नाव सुंदर आलं. त्या अक्षराची त्याला फार लाज वाटली. गावातलं प्रत्येक अक्षर आपण काढलं आणि आपल्याच नातीचं पुसलं, हे त्याला घरी जाईपर्यंत खुपत राहिलं, आणि घरी गेल्यावर जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो अण्णांकडे गेला. मार्चचं मानधन मी देतो म्हणाला, वर्षभर या नावांवरच कमावलं आहे. अण्णांनी आनंदाने नमुना-अर्ज काढला आणि नावाचं स्पेलिंग विचारलं.

“नाव टाकायचं न्हाई,” गयासोद्दीन म्हणाला. “बिलकुल न्हाई. तेवढी जागा पोरींना राहू द्या, अण्णा.”

कारभारीअण्णांनी चष्मा काढून पुसला. “पेंटर, नाव न्हाई तर नोंद न्हाई. नोंद न्हाई तर दान झालंच न्हाई. मंग मार्चमध्ये मॅडम कुणाच्या पैशानं शिकवून राह्यली, असं उद्या कुणी विचारलं तर मी काय दाखवू?”

शीतल फुकट शिकवायला तयार होती. पण फुकट शिकवण्याने आधीच्या नऊ दात्यांचा अपमान होतो, असा ठराव समितीने एकमताने केला. पोरींची परीक्षा एप्रिलात, आणि मार्च गेला तर वर्ष गेलं. गयासोद्दीनने अर्जावर सही केली, पण नाव नको हा हट्ट सोडला नाही. समितीने मग दोन बैठका घेऊन मार्ग काढला, आणि तो न्याय्य होता. मार्चच्या पहिल्या रविवारी गयासोद्दीन पेंटरने स्वतःच्या हाताने, इतर दात्यांवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांच्याच उंचीत, फळ्यावर लिहिलं: ‘एक अज्ञात दाता, ज्यांना प्रसिद्धीची हाव नाही’. हाव नसण्याला जरा जास्तच जागा लागली.

या ओळीचं गावात फार कौतुक झालं. आजवर तिघांनी तो दाता आपणच असल्याचं खाजगीत कबूल केलं आहे, आणि सोमेश्वरशेठ पुढल्या वर्षी अज्ञात होण्याच्या विचारात आहेत. गयासोद्दीन त्या वर्गासमोरून जाताना आता पलीकडच्या बाजूने जातो.

तर सद्यस्थिती अशी. मार्च संपत आला आहे. एप्रिलला दाता नाही, आणि दाता नसेल तर शीतल मॅडम एक तारखेला परत शेतात, रुखसार परीक्षेच्या आधी घरी, आणि सतरावं शिवणयंत्र मंजूर होऊन आलेलंच आहे. फळ्यावर डाव्या कोपऱ्यात एक वीत उंच आणि दोन हात रुंद एवढी जागा शिल्लक आहे. ती भरली की आठवी पूर्ण होईल.

म्हणून समितीच्या वतीने समाजातल्या संवेदनशील वाचकांना हे जाहीर आवाहन. आपल्याला मुलींच्या शिक्षणाची कळकळ आहे याबद्दल समितीला शंका नाही. नसती तर आपण इथवर आला नसता. नाव स्वच्छ अक्षरात कळवावं. नाव नको असल्यास तसं कळवावं, त्यालाही जागा तेवढीच लागते. त्या जागेत आत्ता रुखसार एक वर्गमूळ काढते आहे, आणि तिला अजून दोन पायऱ्या लिहायच्या आहेत. आपलं नाव एक वीत बाय दोन हातांत बसेल की आडनाव खालच्या ओळीत घ्यावं लागेल, हे आपण एव्हाना मनाशी मोजून पाहिलंच असेल.