बिडकर मान्य करत नाहीत

जगभरातल्या काहीशे विद्वानांना मी एकदा ई-मेलने अंबाडीच्या भाजीची कृती पाठवली. मुद्दाम नव्हे. पाठवायचा होता ड्रायव्हर. हिने पुण्याच्या बहिणीसाठी कृती सांगितली, ती मी इंग्रजी अक्षरांत टाइप करून ठेवली होती. दोन्ही फायली एकाच ठिकाणी होत्या आणि बाहेर काचीगुड्याच्या स्टेशनात गाडी लागत होती. गाडीचा भोंगा वाजला की माझा हात दचकतो. दचकला, आणि भाजी गेली.

ड्रायव्हर म्हणजे गाडीचा नव्हे. मी वीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले, लोकांच्या गच्च्यांवर चढून अँटेना फिरवले. मग देशाची दारं उघडली, बाहेरचे टीव्ही आले आणि त्यांनी बिघडणंच सोडून दिलं. आमचे मालक रेड्डीसाहेब हुशार. त्यांनी दुकानावरची पाटी उतरवून 'सिस्टिम्स' असा शब्द असलेली पाटी लावली आणि मला 'सिस्टिम इंजिनियर' केलं. पेचकस तोच राहिला.

आम्ही एक स्वस्त कार्ड जुळवायला घेतलं. कॅमेऱ्याचं हलतं चित्र कॉम्प्युटरात उतरवून घेणारं. कोठी भागातल्या डोळ्यांच्या एका दवाखान्याला ती कार्डं हवी होती, पण तिथल्या कॉम्प्युटरवर ती फुकट मिळणारी, कुणीही उघडून आत डोकवावं अशी सिस्टिम होती. कार्डाची भाषा सिस्टिमला कळत नाही आणि सिस्टिमची कार्डाला. मध्ये दुभाष्या लागतो, तो ड्रायव्हर. तो मी अमीरपेठेत संध्याकाळचे वर्ग करून, पुस्तकं मांडीवर घेऊन लिहिला. पण दवाखान्याचे डॉक्टर पक्के. तुमचा ड्रायव्हर त्या सिस्टिमच्या मूळ गाठोड्यात घेतला गेला तरच कार्डं घेऊ, म्हणाले. आणि गाठोड्यात जायचं तर आधी तो सगळ्यांसमोर मांडायचा, तिथल्या जाणत्याने ओळ न् ओळ तपासायची आणि 'मान्य' म्हणायचं.

"नै मान्य हुआ बोले तो?" मी रेड्डीसाहेबांना विचारलं होतं.

"तो क्या जी, छत है, अँटेना है, तुम है."

तर अशा वेळी मी भाजी पाठवली. एका जर्मनाने 'अभिनंदन' एवढंच लिहिलं. बाकी जग गप्प बसलं. आणि दुसऱ्या दिवशी सविस्तर उत्तर आलं. कृतीची एकेक ओळ वर, खाली शेरा.

'अंदाजाने पाणी.' कुणाच्या अंदाजाने?

'चवीपुरतं मीठ.' चव घेईपर्यंत मीठ किती हे कळत नाही आणि मीठ घातल्याशिवाय चव कळत नाही. आधी काय?

'तेल सुटेपर्यंत परता.' आणि नाही सुटलं तर? या वाटेला शेवट नाही. माणूस परततच राहील.

खाली लिहिलं होतं: 'या स्वरूपात मान्य नाही. सुधारून पाठवावी. बिडकर, नल्लकुंटा.'

नल्लकुंटा! मी समजत होतो की आपल्याला तपासणारा माणूस कुठेतरी बर्फात बसला असेल. हा तर माझ्या ऑफिसपासून सिटी बसने चार थांब्यांवर.

हिला कळल्यावर ही भडकली. "माझ्या भाजीला नावं ठेवणारा हा कोण मेला?" पण पुढच्या खेपेला भाजीत पाणी घालताना तिने वाटी घेतली, हे मी पाहिलं.

बिडकर एका सरकारी खात्याच्या वायरलेस विभागात होते; ड्रायव्हर तपासायचं काम फावल्या वेळचं, बिनपगारी. पन्नाशीचे, एकटे, काटकुळे, मूळचे नांदेडकडचे. बसलेले बिडकर मी पहिल्या भेटीत पाहिलेच नाहीत. मी खरा ड्रायव्हर पाठवल्यावर इराणी हॉटेलात भेटलो तर ते टेबलाशी उभे. माझा ड्रायव्हर छापून आणलेला, त्या कागदांची सुरळी हातात. ती मांडीवर आपटत दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे.

"ओळ दोनशे बारा. हे का?"

"ते... असावं म्हणून."

"असावं म्हणून घरात कॅलेंडर ठेवतात, सोनटक्के. काढा."

चहा आला. त्यांनी वेटरला विचारलं, "दूध फटा तो क्या करते तुम?"

"साब, फटा कहाँ? पी के तो देखो!"

"नै, फटा तो?"

वेटरने माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं.

'आणि नाही जमलं तर?' हा बिडकरांचा जप होता. भाच्याच्या लग्नात त्यांनी मंगलाष्टकं सुरू होण्याआधी भटजींना विचारलं होतं, लाईट गेली तर माईकचं काय? भटजी म्हणाले, शुभ बोला. लाईट गेली. बिडकरांनी पिशवीतून बॅटरीवरचा भोंगा काढला. लग्न वेळेवर लागलं, पण वधूपक्षाचं मत असं झालं की लाईट यांनीच घालवली. त्यानंतर त्यांना पत्रिका पोस्टाने येत, त्याही मुहूर्त टळल्यावर.

माझा ड्रायव्हर त्यांनी सहा वेळा परत पाठवला. आवृत्ती दुसरी, तिसरी, चौथी. मेल इंग्रजीत असे, पण वाचताना मला मराठीतच ऐकू येई: मान्य नाही. हे का? मान्य नाही. मॉडेमची किंकाळी सुरू झाली की, किंवा बिडकरांनी समोरासमोर 'हे का?' विचारलं की, मी नकळत डोक्यात बोटं घालून कराकरा खाजवायचो. रेड्डीसाहेब दर तासाला केबिनीतून मान बाहेर काढत. "क्या सोनटक्के साब, हुआ क्या नै? डॉक्टर साब फोन पे फोन मार रहे. शनिचर तक नै हुआ तो दूसरा कार्ड लेतूं बोल रहे."

सातव्या आवृत्तीत एकच हरकत उरली. कॉम्प्युटर दुसऱ्या कामात अडकला की माझा ड्रायव्हर एखाददुसरं चित्र गाळायचा, आणि कळू नये म्हणून त्या जागी आधीचंच चित्र पुन्हा दाखवायचा. ही युक्ती मला सुचली तेव्हा मी घरी पेढे आणले होते.

"काय लपवायलात सोनटक्के?" बिडकर फोनवर म्हणाले. "गळालं तर गळालं म्हणून सांगा. झाकू नका."

मीही आता पेटलो होतो. "अहो, सेकंदाला पंचवीस चित्रं! त्यातलं एक गेलं तर कुणाचं काय जातं?"

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज.

शनिवारला तीन दिवस उरले होते. मी घरात येरझारा घालायला लागलो. हिने थोडा वेळ पाहिलं. "मेल काय करत बसता? घरी जा त्यांच्या. चला, मीही येते. भाजीचंही बघते जरा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच उस्मानिया बिस्किटांचा पुडा घेऊन आम्ही नल्लकुंट्याला पोचलो. बिडकरांची एकच खोली. भिंतीवर पांढरी चादर ताणून लावलेली, तिच्यापुढे खुर्ची, खुर्चीपुढे तिकाटण्यावर छोटा व्हिडिओ कॅमेरा. फळीवर कॅसेटी. कॉम्प्युटर उघडाच होता आणि त्यात आमचं कार्ड, मीच तपासायला दिलेलं.

"वहिनी, बसा," ते म्हणाले. बसायला ती एकच खुर्ची. ही तीवर बसली, कॅमेऱ्यासमोर.

मी रेड्डीसाहेबांचं, शनिवारचं, अँटेनाचं सगळं सांगून टाकलं. माझ्या वयात गच्चीची शिडी झेपत नाही हेसुद्धा. बिडकर ऐकत होते, म्हणजे चालत होते. मग एकदम थांबले आणि त्यांनी कॉम्प्युटरवर एक चित्रफीत लावली.

पडद्यावर चाळिशीतली एक बाई होती. ठसठशीत कुंकू, डोक्यावर पदर. आणि तिचे हात चालले होते. कसे चालले होते! लाटणं, ओवाळणं, झापणं, सगळं एकात एक. तोंडाने शब्द नाही.

"कुसुम. धाकटी बहीण," बिडकर म्हणाले. "जन्मापासून ऐकू येत नाही. शाळेत कुणी घातली नाही. नांदेडला चुलतभावाकडे असते. कोपऱ्याकोपऱ्यावर फोनचे बूथ निघाले, जगाची भावंडं जवळ आली. आम्हाला त्याचा काय उपयोग? मग मी हे घेतलं. एक कॅमेरा तिथं, एक इथं. कॅसेटी एस.टी.च्या पार्सलाने."

"ही भाषा शाळेत शिकवतात ती?" हिने विचारलं.

"नाही वहिनी. ही आमची. लहानपणी न्हाणीमागं बसून आम्ही दोघांनी केली. आईला यायची. आता आई नाही. आता ही भाषा येणारी दोनच माणसं."

ते कॉम्प्युटरकडे वळले. कुसुमताईंच्या कॅसेटींतून ते एकेक खूण कापून घेत होते आणि तिच्यापुढे अर्थ लिहीत होते. चुलतभावाच्या सुनेसाठी. चारशेच्या वर झाल्या होत्या. "मला काही झालं तर तिला कुणी वाचायचं? सून चांगली आहे. पण तिला कळायला पाहिजे ना."

मग त्यांनी दोन खुणा दाखवल्या. दोन्हींत मूठ ओठांशी जाते. एकीत अंगठा एकदाच मोडतो, पापणी लवावी तसा. "हे औषध. अंगठा नाही मोडला तर पाणी." त्यांनी तिसरी फीत लावली. मूठ ओठांशी गेली, तिथेच किंचित थिजली, खाली आली. "ही परवा तुमच्या ड्रायव्हरने उतरवलेली. कॅसेटीत अंगठा मोडलाय. मी पाहिलाय. तुमच्या इथं ती पाणी मागायलीये."

मी पडद्याकडे पाहत राहिलो. मोडायच्या आधीचा अंगठा. माझी युक्ती.

मी कॉम्प्युटर बंद करून त्याच्या मागे शिरलो आणि कार्ड काढायला लागलो. स्क्रू काढताना माणसाला तोंड दाखवावं लागत नाही. पलीकडे ही आणि बिडकर काहीतरी हळू बोलत होते. एकदा बिडकर हसल्याचाही आवाज आला. तो मी आधी कधी ऐकला नव्हता.

पुढचे दोन दिवस मी ऑफिसातच तळ ठोकला. चित्रं उतरवायला दोन जागा होत्या त्या आठ केल्या, म्हणजे गळती थांबली. प्रत्येक चित्राला क्रमांक घातला. आणि तरी एखादं निसटलंच तर, 'इथे इतकी चित्रं गेली आहेत' असं ड्रायव्हर आता सरळ सांगू लागला. शनिवारी सकाळी आठवी आवृत्ती गेली. दुपारी मॉडेम किंचाळला. एका शब्दाची मेल होती.

'मान्य.'

रेड्डीसाहेबांनी मला मिठी मारली. दवाखान्याला त्यांनी माझ्यासमोर फोन लावला आणि दोनदा 'हौ साब, हौ साब' म्हणाले. मी घरी आलो तो जिना दोनदोन पायऱ्यांनी चढत. ही इस्त्रीचे कपडे लावत होती. मी सगळं सांगितलं. तिने माझा शर्ट कपाटात ठेवला आणि विचारलं, "म्हणजे आता बिडकरभाऊजींची मेल यायची नाही?"

"कशाला येईल? काम संपलं."

ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही मागे स्क्रू काढत होतात ना, तेव्हा मी विचारलं त्यांना, कुसुमताई सारखं हनुवटीला बोट लावून काय म्हणतात. तर म्हणे, 'तिथं तुझ्याशी बोलतं कोण?' दर कॅसेटीत विचारतात. हे इतकी वर्षं दुसरंच काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचे. यंदा पहिल्यांदा उत्तर पाठवलंय. नवी खूण केलीये त्यासाठी." आणि तिने कपाळाला आठ्या घालून, दोन्ही हातांची बोटं केसांत खुपसून कराकरा डोकं खाजवलं.

"हा मी?"

"हुबेहूब. उलट आलेल्या कॅसेटीत त्या तर हसून हसून खुर्चीवरून पडायच्या राहिल्या म्हणे." तिने कपाट लावलं. "तेव्हा सोमवारी बसून काहीतरी नवीन लिहा. आणि हे बघा, पहिल्याच फेरीत पास होईल असं लिहू नका."