फ्यूम हुडावर नणंदेची स्वारी

वाफ, धूर आणि वास यांचे खरे वर्तमान जाणू इच्छिणाऱ्या सुज्ञांस विदित व्हावे. प्रयोगशाळेच्या दुसऱ्या मजल्यावर भिंतीस लगटून एक फ्यूम हूड नांदत होते. पुढे काचेचे तावदान, पाठीस फटी आणि माथ्यावर छपरापार गेलेले धुराडे, ऐसा मजबूत बंदोबस्त. आत उठलेली विषारी वाफ धुराड्यावाटे हद्दपार करावी आणि माणसांची नाके सलामत राखावी, हीच त्याची चाकरी. त्या मुलखाच्या कारभारीण प्रयोगशाळाप्रमुख वहिनीसाहेब. त्यांनी हाडाची काडे करून एक नवे औषध शेवटच्या टप्प्यास आणिले होते, आणि तो टप्पा हुडावाचून पार पडणे नाही.

ऐशात संचालकसाहेबांचे फर्मान सुटले की, आजचे तपासणीत हूड नापास जाहल्यास टाळे ठोकावे आणि औषधाचे काम मोडीत काढावे. आणि तपासनीस म्हणोन दाखल कोण जाहले, तर खासा वहिनीसाहेबांची सख्खी नणंद! वहिनीसाहेबांनी मनोमन देव पाण्यात घातले. कारण वन्संचा लौकिक ऐसा की, भावाच्या घरचा नळ गळतो हे त्यांनी भर पाहुण्यांत सुनाविले होते. तेथे हुडाची काय कथा!

वन्संनी प्रथम वेगमापक लावून वाऱ्याचा जोर तोलला, तो पुरा भरला. मग धुराची पाळी आली. तावदानापुढे धूर सोडावा, तो निमूट आत गेला तर हूड पास, खोलीत फुटला तर नापास, ऐसा कायदा. वन्संनी मुखवटा चढविला, जाड कोट घातला आणि घामाने निथळल्या. तेव्हा वहिनीसाहेबांनी विचार केला की, नणंद घरी येवो की कामावर, बडदास्त राखणे भाग. आणि उभा पंखा हलकेच त्यांच्या बाजूस लाविला. मग वन्संनी धूर सोडला, तो तावदानाशी आला, बिचकला आणि उलट फिरोन खोलीत पसरला.

वन्संच्या कपाळी आठी पडली. वहिनीसाहेब समजल्या की उकाड्याने मर्जी बिघडली, आणि पंखा आणखी वाढविला. मग दुसरा धूर चौखूर उधळला. मग वहिनीसाहेबांनी पंखा हातचे न राखता सोडला, आणि तिसऱ्या धुराने तर थेट संचालकसाहेबांचे दालन गाठिले. साहेब खोकत बाहेर आले आणि कुलूप आणण्याचा हुकूम फर्माविते जाहले. वहिनीसाहेबांस रडू कोसळले. वन्संनी जड हाताने नापासाची लाल चिठ्ठी काढली, तो तीच फडफडू लागली.

“वहिनी, हा वारा कुठून येतोय गं?”

“तुम्हाला उकडत होतं ना वन्सं, म्हणून पंखा लावलाय. अजून जवळ आणू का?”

“अगं, धूर पळवून लावलास की सगळा! बंद कर आधी तो. माझे लाड घरी कर!”

पंखा जेरबंद जाहला. मग धूर सोडिला, तो मुकाट्याने मान खाली घालोन आत शिरला. फिरोन सोडिला, फिरोन शिरला. वन्संनी हिरवी चिठ्ठी डकविली आणि सहीचा शिक्का केला. संचालकसाहेब कुलूप खिशात घालोन आल्या वाटेने रवाना जाहले.

वहिनीसाहेबांनी डोळे पुसोन हळूच पुसिले,

“खरं सांगा वन्सं, पंख्याचं कळलं नसतं तर लाल लावली असतीत?”

“लावली असती. आणि मग घरी येऊन तुझ्या गळ्यात पडून रडले असते.”

हे ऐकोन वहिनीसाहेबांस परम संतोष जाहला. त्याच दिवशी हुडात औषध तापले आणि वास कोणाच्याही नाकास शिवला नाही. येणेप्रमाणे स्वारी फत्ते जाहली. धूर गेला, वाफ गेली, आणि लग्नापासून वहिनीसाहेबांच्या मनी ठाण मांडोन बसलेला नणंदेचा धाकही त्याच धुराड्यावाटे छपरापार गेला, ऐसी नोंद केली असे.