तळघरातला लाँग मार्च

आमच्या बिल्डिंगच्या तळघरात, गाड्यांच्या पार्किंगमध्ये, रोज संध्याकाळी लाँग मार्च निघायचा. मार्चात माणूस एकच. तात्या मगदूम.

तात्या इचलकरंजीच्या हायस्कूलमध्ये इतिहास शिकवून रिटायर झालेले. इथं दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये लेकीकडं राहायचे. उन्हाळ्यात इथं बाहेर फिरायला जाणं म्हणजे आपल्या पायांनी भट्टीत शिरणं, म्हणून डायबेटिसवाली सगळी मंडळी तळघरात चालतात. तात्यांनाही डायबेटिस होता. पण नुसत्या साखरेसाठी चालणं त्यांना कमीपणाचं वाटायचं.

कचऱ्याची खोली म्हणजे जिआंग्शी प्रांत. चीनचं लाल सैन्य शत्रूचा वेढा फोडून तिथून निघालं. पार पलीकडची पंपाची खोली म्हणजे येनान, जिथं ते मरत-मरत पोचलं. मधे एसीच्या पाइपातून पाणी ठिबकून डबकं साचायचं, ती दादू नदी. मागून गाडीनं हॉर्न दिला की तात्या खांबाआड व्हायचे. तो विमानहल्ला. एकदा मी ऑफिसातून दमून येऊन गाडी लावली, तर काचेवर टकटक.

"पोरी, तू नदीपात्रात गाडी लावलीयस."

त्यांच्यामागं खाली आलेली नात ईरा म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट अ पडल."

"आधी संदर्भ लक्षात घे," तात्या म्हणाले.

हे त्यांचं पालुपद. दूध उतू गेलं तरी संदर्भ, लिफ्ट बंद पडली तरी संदर्भ, आणि सगळे संदर्भ चीनमधले. बाल्कनीत दाणे टाकू नका, घाण होते, अशी मॅनेजमेंटची नोटीस आली तेव्हा तात्या थेट खाली ऑफिसात गेले. तिथल्या केरळी मॅनेजरला त्यांनी हिंदीत सांगितलं, की चीनमध्ये सरकारनं एकदा चिमण्या मारायचं फर्मान काढलं होतं. धान्य खातात म्हणून. चिमण्या मेल्या, किडे माजले, पुढं दुष्काळ. "इसलिए दाना डालने दो." मॅनेजर ऐकून घेऊन म्हणाला, "अंकल, इन्शाल्ला, पर दाना नहीं."

मी एकदा विचारलं, "तात्या, तुम्ही कम्युनिस्ट आहात का हो?"

"मी मास्तर आहे," ते म्हणाले. "लग्नात जेवणारा प्रत्येक जण नवरदेव असतो होय?"

मार्च संपला की इचलकरंजीला व्हिडिओ कॉल. शालनकाकू, म्हणजे त्यांची बायको, तिकडंच होत्या. तात्यांच्या आई नव्वदीपुढच्या, अंथरुणाला खिळलेल्या, आणि शालनकाकूंशिवाय कुणाच्या हातचा घास न घेणाऱ्या. इकडं लेकीची, वैशालीची, ओढाताण. नवरा अबुधाबीकडं तेलविहिरीवर, दोन लहान मुलं, स्वतःची नोकरी. म्हणून तात्या 'थोडे दिवस' आले. त्या थोड्या दिवसांना आता तिसरं वर्ष लागलं होतं.

कॉलवर तात्या मार्चाचा अहवाल द्यायचे. काकू शेंगा सोलता सोलता ऐकायच्या. एकदा मी वैशालीकडं बसले असताना कॉल चालू होता. अहवाल संपल्यावर काकू म्हणाल्या, "चालत गेले त्यांचं कळलं. त्यांच्या मागं राहिलेल्या बायकांचं काय झालं?"

"त्याचे फारसे संदर्भ नाहीत," तात्या म्हणाले.

"तिसरं वर्ष लागलं, हेच सांगताय."

तात्यांनी विषय बदलून आईंच्या औषधाची चौकशी केली. काकूंनी उत्तर दिलं, पण त्यांची नजर शेंगांवरच होती.

मग आठव्या मजल्यावर एक चिनी कुटुंब राहायला आलं. मुलगा कुठल्याशा कंपनीत इंजिनियर, सोबत वृद्ध वडील, चेन आजोबा. ते पहिल्यांदा तळघरात चालायला आले तेव्हा तात्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तसा मी नव्या नवरीच्या बापाच्याही चेहऱ्यावर पाहिला नाही. ते वर येऊन मला म्हणाले, "इतिहास आपल्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहायला आलाय. तुझा मोबाइल घेऊन चल."

मोबाइलवर भाषांतराचं ॲप होतं. तात्यांनी घसा साफ करून छापील मराठीत विचारलं, "सशस्त्र क्रांतीच्या पूर्वसंध्येस कृषकवर्गाची मनोभूमिका काय होती?" ॲपनं काय सांगितलं देव जाणे. चेन आजोबांनी नम्रपणे मान झुकवली आणि बाहेर जायचा रस्ता दाखवला.

असे पुष्कळ दिवस गेले. दोघं शेजारी शेजारी चालायचे, तात्या खांब दाखवून प्रांतांची नावं घ्यायचे, चेन आजोबा हसून उच्चार सुधारायचे. कचऱ्याच्या खोलीपाशी एकदा तात्या म्हणाले, "जिआंग्शी." चेन आजोबा थांबले. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून तेच म्हणाले. त्यांचं गाव तिथलंच.

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. या वेळी छापील मराठी नव्हती. "त्यांना विचार, पुरुष निघून गेल्यावर मागं ज्या बायका राहिल्या, त्यांचं काय झालं?"

मी फोन पुढं केला. चेन आजोबांनी ऐकलं. मग हळूहळू, वाक्यावाक्याला थांबत सांगू लागले. ॲपची मराठी ओबडधोबड होती, पण कळत होतं.

त्यांचे आजोबा त्या सैन्याबरोबर गेले. वडील तेव्हा तान्हे होते. मग शत्रूचे शिपाई गावात आले, घर जाळलं. आजी बाळ घेऊन डोंगरात लपली. पुढं खाली उतरली आणि जळक्या जोत्यावरच झोपडी बांधली. बऱ्याच वर्षांनी राज्य लाल सैन्याचंच आलं. गावात ढोल वाजले, तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली. परतलेल्यांत नवरा नव्हता. मेल्याचीही खबर नव्हती. चेन आजोबांच्या वडिलांना शहरात कारखान्यात काम मिळालं, घर मिळालं, तरी ती गाव सोडून गेली नाही. म्हणायची, त्याला हाच पत्ता माहीत आहे.

तात्या तिथंच एका गाडीपुढच्या सिमेंटच्या कठड्यावर बसले. चेन आजोबाही शेजारी बसले. तात्या माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी इतकी वर्षं समजत होतो, की ही इतिहास विचारतेय."

त्या दिवशी कॉलवर अहवाल झाला नाही. "डोकं दुखतंय," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी चहाला मला बोलावून, माझ्यादेखत वैशालीला म्हणाले, "बाळ, मला घरी जायचंय. शालन एकटीनं आईचं करतेय."

वैशाली रडली. "मी कधी थांबवलं होतं, बाबा? तुम्हीच म्हणायचात, आणखी थोडे दिवस."

"होय," तात्या म्हणाले. "तू हाक मारलीस, मी आलो. तिनं कधी हाकच मारली नाही, म्हणून मला ऐकू आलं नाही."

मी आता घरूनच काम करते. शाळा सुटल्यावर मुलं आमच्याकडं येतील असं ठरलं. तिकीट निघालं. जायच्या दिवशी चेन आजोबा खाली निरोपाला आले. दोघांनी एकमेकांचे हात हातात धरले आणि आपापल्या भाषेत बोलत राहिले. मी ॲप उघडलं नाही. टॅक्सीवाला म्हणाला, "यल्ला, अंकल, चलो," तेव्हा हात सुटले.

पंधरवडाभरानं तात्यांचा फोन आला. व्हिडिओवर शेजारी शालनकाकू होत्या. मागं कॉटवर आई झोपलेल्या दिसत होत्या.

"हिला सगळं सांगितलं," तात्या म्हणाले. "जिआंग्शीचं. पण हिचा प्रश्न आहेच."

काकू फोनजवळ आल्या. "त्या आजीचं नाव काय होतं ग?"

तात्या म्हणाले, "ते विचारायचंच राहिलं."

मी कॉल चालू ठेवून तशीच खाली तळघरात गेले. चेन आजोबा एकटे चालत होते. प्रश्न ऐकून ते थबकले. गावात तिला सगळे अमक्याची बायको म्हणायचे, त्यांनी सांगितलं. घरात ती फक्त आजी होती. नाव आठवायला त्यांना खांबाला टेकून उभं राहावं लागलं. मग त्यांनी ते उच्चारलं, आणि पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं. शिउलान. ॲपनं खाली अर्थ दिला, सुंदर फूल.

मी फोन त्यांच्यासमोर धरला. इचलकरंजीतून काकूंनी नाव घेतलं, "शिवलान."

शेजारून तात्या हलकेच म्हणाले, "शिउ. शिउलान."

काकूंनी पुन्हा म्हटलं. या वेळी बरोबर आलं. चेन आजोबांनी मान डोलावली आणि डोळे पुसले.