झोपलेल्यांना तुडवू नका

नोल्फाबाईंच्या पहिल्या व्याख्यानाला अख्ख्या गावातून एकच माणूस आलं, तेही सख्खी बहीण एर्सिरा, आणि तीही बिस्किटं आहेत असं ऐकून.

बाई पोसो आमार्गो या वाळवंटातल्या गावच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या होत्या. आपलं वाळवंट लोकांना कसं समजावून द्यावं याचं दोन दिवसांचं शिबिर त्या नुकत्याच कोपियापो शहरात जाऊन करून आल्या होत्या. सांगायचं एवढंच होतं, की आपण जिला नुसती माती म्हणतो तिच्या पोटात आन्यान्युका या रानफुलाचे कांदे वर्षानुवर्षं झोपून असतात. एखाद्या वर्षी पाऊस झाला की ते लाल फुलं होऊन उठतात. तेव्हा त्यांच्यावर ट्रक घालू नका.

"सात वर्षांत कुठं आलीत फुलं?" एर्सिरा चौथं बिस्किट चहात बुडवत म्हणाली.

"वरून ट्रक गेले तर येतील कशी?"

"मग ट्रकवाल्यांना सांग की! मला सायकलसुद्धा येत नाही."

मुद्दा बिनतोड होता. वळण वाचवायला सगळे ट्रक टेकडीखालच्या माळावरून आडवे जात. दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईंनी तिथे चुना फासलेल्या दगडांचं रिंगण केलं आणि मधोमध पाटी रोवली. चालत्या ट्रकमधून वाचता यावी म्हणून अक्षर मोठं काढलं होतं, त्यामुळे मजकुराआधी फळी संपली. मावलं ते एवढंच: "इथे झोपलेत. तुडवू नका."

पहिला ट्रक आला तो बाल्दोमेरोचा. त्याने करकचून ब्रेक मारला, टोपी काढली, छातीवर क्रूस काढला आणि ट्रक मागे घेऊन लांबच्या रस्त्याने गेला. बाईंना लांबून टोपी तेवढी दिसली. 'शिकवलं की माणूस शिकतो,' असं म्हणत त्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी तिथे तीन मेणबत्त्या होत्या. तिसऱ्या दिवशी, रस्त्यात कोणी गेलं की त्या जागी उभारतात तशी पत्र्याची देवळी उभी राहिली. चौथ्या दिवशी पाण्याने भरलेल्या बाटल्यांची रांग लागली, कारण ते तिघं खेचरवाले म्हणे तहानेने गेले होते. कोण तिघं ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण तिघंच होते याबद्दल गावात दुमत नव्हतं.

बाई धावत गेल्या. "अहो, कांदे आहेत ते!"

"बाई, गेलेल्या माणसांना कांदे म्हणू नये," मेणबत्ती लावणारी बाई दुखावून म्हणाली.

पाचव्या दिवशी चौकीतून सार्जंट ओयार्सून आला. मागोमाग निम्मं गाव.

"पाटी तुम्ही लिहिलीत?"

"हो, मीच."

"आत किती आहेत?"

शेवटी कोणीतरी प्रश्न विचारला म्हणून बाईंना भरून आलं. "मोजले नाहीत. पण दोन-तीनशे कुठे गेले नाहीत."

सार्जंटचं पेन थांबलं. "कधीपासून?"

"काही सात वर्षांपासून. काही माझ्या लहानपणापासूनचे."

"पुरले कोणी?"

"पुरायला कशाला लागतंय कोणी? आपापले खाली जातात."

"आणि हे सगळं... तुम्हाला शिकवलं कोणी?"

"कोपियापोला शिबिर होतं ना! आम्ही पंचवीस जण होतो."

सार्जंट सावकाश जीपकडे गेला आणि फावडं घेऊन आला. फावडं बघताच बाईंनी रिंगणात बसकण मारली.

"माझ्या मढ्यावरून जावं लागेल!"

"बाई," सार्जंट हात जोडून म्हणाला, "आहेत तेवढे पुरेत. त्यात भर नको."

"अगं ए नोल्फा!" एर्सिरा गर्दीतून ओरडली. "त्याला वाटतंय आत माणसं आहेत!"

बाईंनी सार्जंटकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाल्या. मग एर्सिराच्या पिशवीतून चमचा मागून घेतला. फावड्याला मात्र हात लावू दिला नाही. अर्धा तास त्या चमच्याने माती उकरत राहिल्या. अखेर मातीतून एक तपकिरी कांदा निघाला. बाईंनी तो सार्जंटच्या तळहातावर ठेवला. त्याने तो उलटासुलटा केला, हुंगला आणि वहीतली चार पानं खोडली.

"पाटीवर 'कांदे' एवढा शब्द मावला नव्हता?"

"अक्षर जरा मोठं आलं," बाई पुटपुटल्या आणि कांदा अलगद जागेवर ठेवून माती लोटू लागल्या.

"कोणी मेलेलं नाही! घरी जा!" सार्जंटने जाहीर केलं. बाईंना आता वेगळीच काळजी लागली. मेलेलं कोणी नाही म्हटल्यावर उद्यापासून ट्रक पुन्हा माळावरून जाणार.

पण रविवारी बाईंच्या दुसऱ्या व्याख्यानाला शाळेत बसायला बाकं पुरेनात. बाईंनी सगळं शिकवलं, कांदा किती खोल असतो, किती पाऊस लागतो, चाकाखाली त्याचं काय होतं. कोणी खोकलंसुद्धा नाही. तीस वर्षांत असा वर्ग त्यांना मिळाला नव्हता.

"काही शंका?"

बाल्दोमेरो मागच्या बाकावरून उठला. "शंका कसली, सगळं पटलं. सात वर्षं पाण्याचा थेंब नाही आणि तरी जिवंत, म्हणजे ते साधेसुधे नव्हेत. एवढंच सांगा बाई, गुडघेदुखीसाठी त्यांतल्या कोणाला नवस बोलायचा?"

एर्सिराने तोंडाला रुमाल लावला. बाईंनी रागवायला तोंड उघडलं. मग भरलेल्या बाकांवरून एकदा नजर फिरवली. बहुतेक सगळे ट्रकवालेच होते.

"सगळ्यात खोल असेल त्याला," बाई म्हणाल्या. "पण ट्रक डांबरी रस्त्यावरच ठेवायचा आणि रिंगणाबाहेरूनच हात जोडायचे. नाहीतर गुण येत नाही."