बारशाआधीचा चेहरा

माणसाचं बाळ जन्मतं तेव्हा त्याचा चेहरा तात्पुरता असतो. बघायला येणारी माणसं तो बोलून ठरवतात, आणि बारशाला आत्यानं कानात नाव घेतलं की तो कायम होतो. विक्रांत भोईटेला हे माहीत नव्हतं असं नाही. पण दुसऱ्याच्या घरी घडणाऱ्या गोष्टींकडे माणूस जेवढं लक्ष देतो, तेवढंच त्यानं आजवर दिलं होतं.

त्याची बायको स्वप्नाली पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणे माहेरी, विट्याला गेली होती. विक्रांत फलटणला एका दूध संघाच्या ऑफिसात कामाला होता. कळा सुरू झाल्याचा फोन आला तसा तो मिळेल त्या एसटीनं निघाला आणि वेळेत पोचला. याचा त्याला पुढे फार अभिमान वाटत राहिला, कारण त्या दिवशी त्याच्या हातून झालेलं कामाचं म्हणावं असं ते एकच काम. दवाखान्यात तो नर्सला सारखं विचारत होता, "मी काय करू?" नर्सनं त्याला आधी पाणी आणायला पाठवलं, मग शहाळं, मग मोठा टॉवेल, आणि शेवटी नुसतंच खाली पाठवलं. मध्ये एकदा स्वप्नालीनं त्याला आत बोलावून त्याचा हात धरला, तो इतका घट्ट की बोटं एकमेकांवर चढली. "दुखतंय का?" तिनं विचारलं. "थोडंसं," तो म्हणाला. त्यावर आतल्या बायकांनी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो आपण होऊनच बाहेर आला.

मुलगी झाली. दुपट्यात गुंडाळून त्याच्या हातात दिली तेव्हा तिचा चेहरा अजून कुणाचाच नव्हता. नाक होतं, पण कुणाचं म्हणावं असं नव्हतं. कान होते, पण ते नुसतेच कान होते. बोट न लागलेल्या सायीसारखा सगळा चेहरा. विक्रांतला रडू आलं. यात कुठेतरी आपलं थोडं यावं, असं त्याला फार वाटलं. जास्त नको, पण कुणीतरी बघितल्याबरोबर म्हणावं की ही भोईट्यांची पोर.

घरी सोडताना नर्सनं लशीचं सांगितलं, दुधाचं सांगितलं आणि त्याच दमात चेहऱ्याचंही सांगितलं.

"बाळाजवळ उभं राहून जो जे बोलेल ते लागतं. एकदा लागलं की निघत नाही. आपलं आपण द्यायचं नाही, दुसऱ्यानं म्हणावं लागतं. आणि आईबापानं बाळाबद्दल बोललेलं धरत नाहीत."

"का?" विक्रांतनं विचारलं.

"ते काहीही बोलतात," नर्स म्हणाली.

स्वप्नालीचे वडील जयवंतराव साळुंखे, तिचे आप्पा, शेजारीच उभे होते. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी मान डोलावली. "नियम चोख आहे," ते म्हणाले.

दूध संघात बापाला दोनच दिवसांची रजा मिळत असे. बापाला काही झालेलं नसतं, असं साहेबांचं म्हणणं. तेव्हा विक्रांत परत फलटणला आला, आणि इकडे विट्याला साळुंख्यांच्या दारात चपलांचा ढीग लागला.

रोज संध्याकाळी फोन व्हायचा.

"आज कान गेले," स्वप्नाली सांगायची.

"कुणाकडं?"

"तासगावच्या आत्याकडं. शेजारच्या काकू बोलल्या."

"कसे दिसतायत?"

"बरे आहेत. जरा लांब आहेत."

दुसऱ्या दिवशी कपाळ थोरल्या मामांना गेलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी डोळे. "डोळे कुणाचे?" विक्रांतनं धास्तावून विचारलं. "माझे," ती म्हणाली. यावर विक्रांतला हरकत घेता येईना, कारण ते डोळे बघूनच त्यानं लग्नाला होकार दिला होता.

"तुमच्याकडचं कुणीतरी पाठवा की," ती म्हणाली. "आमच्याकडची माणसं थांबायची नाहीत. आज सकाळी दूधवाला आला, आत डोकावला आणि हनुवटी आजोबांची म्हणून गेला. आप्पांनी त्याला चहा पाजला."

विक्रांतनं आईच्या मागे टुमणं लावलं. पण आईला असंतसं जाता येत नव्हतं. झबली-टोपडी शिवून व्हायची होती, बाळाचे वाळे सोनाराकडे अडकले होते, आणि पहिल्यांदा नातीकडे जायचं तर वार बघायला नको का? शेवटी एका रविवारी मायलेक एसटीत बसले. आता राहिलेल्यात मोलाचं असं एकच होतं, ते म्हणजे नाक. भोईट्यांचं नाक फलटणमध्ये प्रसिद्ध होतं. विक्रांतचे वडील अण्णा हयात असताना नाक आधी घरात यायचं आणि मागून अण्णा यायचे. तेच नाक विक्रांतकडे होतं, आणि बारामतीला दिलेल्या त्याच्या बहिणीकडे, राजश्रीकडे होतं.

"आई, आत गेल्या गेल्या काय म्हणायचं?" विक्रांतनं वाटेत विचारलं.

"नाक अण्णांचं."

"बास. एवढंच. मग पाणी प्यायचं."

आईनं ते सगळ्या वाटेवर तोंडातल्या तोंडात घोकलं. पण साळुंख्यांकडे पाऊल टाकताच जयवंतरावांनी स्वतः तिची पिशवी घेतली. विक्रांतच्या सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, पायावर पाणी घातलं, पाटावर बसवलं, पुरणपोळीवर तुपाची धार धरली ती आई नको नको म्हणेपर्यंत सोडली नाही, आणि वर जरीकाठाचं लुगडं दिलं. मग कुठे दोघी विहिणी पाळण्याशी गेल्या. आईनं नातीकडे बघितलं. मग विहिणीकडे बघितलं. तिच्या मनात चाललेली ओढाताण विक्रांतला दारातून दिसत होती.

"नाक अगदी विहीणबाईंचं घेतलंय हो," आई म्हणाली.

त्याच्या देखत ते नाक आवळलं, गोल झालं आणि शेंड्याला किंचित वर वळलं. "काहीतरीच तुमचं," मामी म्हणाल्या, पण दिवसभर खुशीत होत्या.

परतीच्या एसटीत विक्रांतनं तिकिटं काढली आणि तो आईकडे वळला.

"आई, हे काय केलंस?"

"अरे, त्यांनी एवढं केलं. त्यांच्या घरात उभं राहून, त्यांचं पुरण खाऊन, आपलंच नाक पुढं कसं करायचं? माणुसकी आहे की नाही काही?"

माणुसकी होती, हे विक्रांतला कबूल करावं लागलं. तीच तर नडली होती.

बारसं सव्वा महिन्यानं ठरलं होतं, तोवर तो दर रविवारी विट्याला जाऊ लागला. लंगोट बांधायला शिकला. त्याचा लंगोट पोरीनं पाय झाडले की सुटायचा, मामींचा सुटायचा नाही. दूध पाजून झालं की तिला खांद्यावर घेऊन पाठीवरून हात फिरवायचा आणि ढेकर आला की घरभर सांगत सुटायचा. ती त्याच्या शर्टावर मुतायची, त्याच्या करंगळीला लोंबकळायची, त्याच्याकडे तासगावच्या आत्याच्या कानांनी, थोरल्या मामांच्या कपाळानं आणि मामींच्या नाकानं टकामका बघायची. तो तिच्यावर असा काही लुब्ध झाला होता की कधी कधी विसरूनही जायचा. मग कुणीतरी पाहुणा यायचा, काहीतरी बोलायचा, आणि विक्रांत काय बदललं ते बघायला पाळण्याकडे धावायचा.

बारशाच्या सकाळपर्यंत फक्त भुवया उरल्या होत्या.

राजश्री बारामतीहून आली. बाळाची आत्या तीच, म्हणजे नाव ठेवायचा मान तिचा. विक्रांत तिला एसटी स्टँडवर घ्यायला गेला आणि त्यानं वाटेतच विषय काढला. "राजू, नुसत्या भुवया माझ्या म्हण. दुसरं काही नको."

राजश्री चालता चालता थांबली. "दादा, तुझ्या भुवया म्हणजे माझ्याच भुवया. मधे जुळलेल्या. बारामतीतल्या पार्लरवालीचं घर माझ्यावर चालतं. आणि कॉलेजात मला पोरं काय म्हणायची, ते तूच घरी येऊन आईला सांगायचास."

"पण तिच्यात माझं काहीच नाही गं."

घरी आल्यावर ती हातपाय धुऊन पाळण्यापाशी गेली आणि कितीतरी वेळ भाचीकडे बघत राहिली. विक्रांत तिच्या मागे उभा होता. तिनं एकदा मागे वळून भावाकडे बघितलं, आणि तिचे डोळे भरले.

"भुवया मावशीच्या आहेत," ती म्हणाली.

मावशी म्हणजे स्वप्नालीची धाकटी बहीण, आणि तिच्यासारख्या भुवया अख्ख्या विट्यात नव्हत्या. त्या दोन बारीक कमानी पोरीच्या कपाळाखाली उमटल्या.

"रागव माझ्यावर," राजश्री म्हणाली. "पण आधी तिला बघ."

विक्रांतनं बघितलं. पोर इतकी देखणी दिसत होती की भांडायला जागाच उरली नाही. बहिणीनं केलं ते बरोबरच होतं. त्याला फार वाईट वाटलं.

आत घुगऱ्या शिजत होत्या. पाळण्याला झेंडूच्या माळा लावून झाल्या, बायका जमल्या, त्यांत फलटणहून आलेली विक्रांतची आईही होती. स्वप्नाली कॉटवर बसून मघापासून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. तिनं वडिलांना हाक मारली.

"आप्पा, आईनं बाळाबद्दल बोललेलं धरत नाहीत ना?"

"नाही धरत," जयवंतराव म्हणाले.

"आणि नवऱ्याबद्दल बोललेलं?"

जयवंतरावांनी चष्मा काढून पुसला. कचेरीत अवघड प्रकरण आलं की ते असंच करत. "त्याला मनाई असल्याचं ऐकिवात नाही."

"पण मोठ्या माणसाला लागतं का?"

"बाळाजवळ उभं राहून जो जे बोलेल ते लागतं, असं नर्सबाई म्हणाल्या. कुणाला लागतं, ते त्यांनी सांगितलं नाही. तेव्हा लागायला हरकत नसावी."

स्वप्नाली उठून पाळण्याशी आली. "अहो, जरा इकडं या," ती म्हणाली. "नाक जाईल. भुवया जातील. काहीच राहायचं नाही. चालेल का?"

ती काय म्हणते आहे ते विक्रांतला हळूहळू उमगलं. त्याला पहिल्यांदा अण्णा आठवले. अण्णांच्या नाकाला त्यांच्या मागं इतक्या लवकर निरोप द्यायचा हे त्याच्या जिवावर आलं. मग राजश्रीकडे बघून त्याला धीर आला. ते नाक घरात होतं, आणि चांगलं ठळक होतं. त्यानं आईकडे बघितलं.

"मला काय विचारतोस," आई पदरानं डोळे टिपत म्हणाली. "मी तर आधीच देऊन बसलेय."

"चालेल," विक्रांत म्हणाला.

स्वप्नालीनं पाळण्याच्या दोरीवर हात ठेवला. "आमचे हे अगदी लेकीवर गेलेत," ती म्हणाली.

दुखलं वगैरे काही नाही. कान गरम झाले आणि लांबले, नाक आवळलं, कपाळ थोडं रुंद झालं. बायका बघत होत्या. तासगावची आत्या म्हणाली की पुरुषाला हे कान जास्त शोभतात. जावयाच्या तोंडावर आपलं नाक बघून मामींनी डोक्यावरून पदर घेतला आणि त्या घुगऱ्या बघायला आत गेल्या. जयवंतरावांनी मात्र जवळ येऊन हनुवटी नीट निरखली.

"दाढी करताना डावीकडं जपा," ते म्हणाले. "तिथं खळगा आहे, ब्लेड लागतं."

मग बायकांनी बाळ पाळण्याखालून वरून दिलं-घेतलं, राजश्रीनं कानाशी तोंड नेऊन कुर्र केलं, ईश्वरी हे नाव घेतलं आणि रीतीप्रमाणे पाठीत धपाटे खाल्ले. जे जिथं होतं ते तिथं कायम झालं. राजश्रीनं भावाला शोधलं ते शर्टावरून, आणि त्याच्या गळ्यात पडून थोडी रडली.

सोमवारी दूध संघातल्या हजेरीच्या यंत्रानं विक्रांतला ओळखलं नाही. साहेबांनी त्याला आत बोलावलं.

"आपण कोण?"

"भोईटे. वसुली विभाग."

साहेबांनी ओळखपत्रावरचा फोटो आणि समोरचा माणूस दोन्ही बघितले. "कारण?"

"मुलगी झाली, साहेब."

"अच्छा. मग नवीन फोटो काढून घ्या," साहेब म्हणाले. "रजा मात्र मिळणार नाही. तुम्हाला काही झालेलं नाही."

उन्हं तापायच्या आधी स्वप्नाली लेकीला घेऊन फलटणला आली. दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या जगदाळे काकू टोपडं घेऊन वर आल्या. विक्रांतला त्यांनी शेंबडा असल्यापासून बघितलेलं. तो ईश्वरीला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभा होता, ढेकर यायची वाट बघत. काकूंनी पोरीकडे बघितलं, मग विक्रांतकडे, मग पुन्हा पोरीकडे.

"अगबाई," काकू म्हणाल्या, "ही तर अगदी बापावर गेलीये."

नाव ठेवून झालं होतं, त्यामुळे बोलण्यानं आता काही हलणार नव्हतं. काकूंना जे दिसलं ते त्या बोलल्या होत्या. विक्रांतनं लेकीला खांद्यावर थोडं वर घेतलं.

"हो काकू," तो म्हणाला. "सगळे तेच म्हणतात."