चटई टाकली आणि लिफ्ट अडकली

धोके शोधण्यात मुलाचा कोणी हात धरू शकत नव्हतं. विमा कंपनीत तो दिवसभर तेच करायचा आणि संध्याकाळी घरी येऊन वडिलांच्या बाबतीत करायचा. बाबांना पार्किन्सन झाल्यापासून त्यानं घरातले गालिचे उचलले, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवला आणि कालच, पाय घसरू नये म्हणून, इमारतीच्या लिफ्टमध्ये जाड रबरी चटई टाकली. मागच्या आठवड्यात व्यायाम करताना बाबा खुर्चीवरून जरा कलंडले, तेव्हा त्यानं ठरवूनच टाकलं: व्यायाम बंद.

पण बाबांच्या तोंडावर सांगायची छाती होईना. म्हणून त्यानं त्यांची दोन-दोन किलोची वजनं गुपचूप पिशवीत भरली आणि "खाली सोडायला येतो" म्हणत व्यायाम शिकवणाऱ्या बाईंबरोबर लिफ्टमध्ये शिरला.

"बाई, उद्यापासून येऊ नका," चौथ्या मजल्यावरून लिफ्ट हलताच तो म्हणाला. "बाबांना आता झेपत नाही. त्यांनी बसून राहिलेलंच बरं."

"बसून राहिले तर आहे तेही जाईल हो! काकांच्या पायांत अजून..."

पुढचं खरखराटात बुडालं. चटईचा कोपरा जाळीच्या दारातून बाहेर गेला, चौथ्या मजल्याच्या कडेत अडकला, त्याच्या ओढीनं जाळी सरकून जरा उघडली आणि लिफ्ट जागच्या जागी थांबली. दोघांची डोकी तेवढी मजल्याच्या वर होती.

"ही चटई कोणी घातली?" बाईंनी विचारलं.

मुलगा पिशवीत डोकं घालून काहीतरी शोधू लागला.

लिफ्टच्या कंपनीनं फोनवर सांगितलं की माणूस दोन तासांत येईल. आरडाओरडा ऐकून आई दारात आली आणि तिनं कपाळावर हात मारला. "अहो, ऐकलंत का? पोरगं लोंबकळतंय!"

बाबांनी पस्तीस वर्षं लिफ्टच दुरुस्त केल्या होत्या. याच इमारतीच्या गच्चीवरच्या, लिफ्टच्या मशीनच्या खोलीची चावी अजून घरात त्यांच्या खिळ्यावर होती. मुलाला जाळीतून त्यांच्या चपला दिसल्या. त्या उंबऱ्यापाशी आल्या आणि थांबल्या. दार आलं की बाबांचे पाय असे जमिनीला चिकटायचे. आईनं सवयीनं आपलं पाऊल आडवं धरलं.

"हं, ओलांडा."

बाबांनी ते ओलांडलं आणि हातात चावी घेऊन बाहेर आले.

"बाबा, आत जा! मेकॅनिक येतोय!"

"मेकॅनिक आलाय," बाबा आपल्या बारीक आवाजात म्हणाले.

ते जिन्याकडे वळले तेव्हा मुलानं डोळे मिटून घेतले. "एक... दोन... तीन..." बाईंनी शिकवल्याप्रमाणे बाबा पायऱ्या मोठ्यानं मोजत होते. आवाज अडखळेना म्हणून त्यानं एक डोळा उघडला, मग दुसरा. सपाट फरशीवर रखडणारे पाय पायरी दिसताच ठाम पडत होते. कठडा धरून, गुडघे उचलत, बाबा दोन मजले चढून गेले. मागून आई धापा टाकत होती.

"रोज वीसदा खुर्चीतून उठतात," बाई म्हणाल्या. "तुम्ही ऑफिसात असता, तुम्हाला कसं दिसणार?"

वरून आवाज आले. "मेन बंद केलाय. ब्रेकचा दांडा धर. मी म्हणेन तेव्हाच दाब."

"केवढा घट्ट आहे हो!"

"दाब!"

लिफ्ट हलली. बोटभर, मग वीतभर. चटई सुटली. मुलगा आ वासून वर बघत राहिला. ज्या हातांना सकाळी शर्टाचं बटण लागत नव्हतं, ते हात मशीनचं चाक फिरवून त्याला वर आणत होते. त्याला भरून आलं आणि स्वतःची भयंकर लाज वाटली. चौथा मजला आला, तरी बाहेर पडायचं त्याला सुचलं नाही. बाईंनीच त्याला ढकललं.

बाबा घामाघूम होऊन खाली आले. हल्ली त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटत नसे, पण डोळे लकाकत होते.

"पिशवीत काय आहे?"

"वजनं... म्हणजे दोन किलो तुम्हाला कमी पडतात ना... बदलून आणायला निघालो होतो."

"तीन किलोची," बाई ताबडतोब म्हणाल्या. "माझ्या गाडीत आहेत."

बाबांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "आण. पण जिन्यानं जा. कंपनीचा माणूस तपासून जाईपर्यंत लिफ्ट बंद."

उतरताना काही वाटलं नाही. तीन-तीन किलोची जोडी घेऊन चढताना मात्र दुसऱ्या मजल्यावरच मुलाचा श्वास फुलला, पोटऱ्या लटपटल्या आणि तो पायरीवर बसला. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

कठड्यावरून बाबा वाकले. "बसू नकोस! बसून राहिलास तर आहे तेही जाईल. मोठं पाऊल टाक. आणि मोज, मोठ्यानं!"

"एक," मुलानं सुरुवात केली.